एकच रात्र हाताशी असेल, तर हाकोने की कोयासान?

जपानच्या दहा-बारा दिवसांच्या प्रवासात जुन्या पद्धतीच्या मुक्कामासाठी बहुतेकांच्या वाट्याला एकच रात्र येते, कारण तिथे दर खोलीमागे नसून माणशी असतो आणि दोघांचा हिशेब केला की दुसऱ्या रात्रीचा विचार आपोआप मागे पडतो. ती रात्र हाकोनेच्या ऑनसेन र्‍योकानात (गरम झऱ्यांच्या स्नानाची सोय असलेल्या पारंपरिक जपानी सरायीत) काढावी, की कोयासानच्या डोंगरावर एखाद्या मंदिराच्या शुकुबोत, म्हणजे यात्रेकरूंसाठी राखलेल्या खोल्यांत, असे मला ओळखीची मंडळी अधूनमधून विचारतात. आम्ही उभयता एकाच नोव्हेंबरात दोन्हीकडे एकेक रात्र राहिलो. एवढ्याशा अनुभवावर ठाम मत देणे धाडसाचे ठरेल. तरीही कल सांगायला हरकत नसावी.

अंतराचा प्रश्न फारसा निर्णायक नाही. टोकियोत मुक्काम असेल तर शिंजुकू स्थानकाहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार ही गाडी दीड तासात हाकोने-युमोतोला पोचवते. ओसाका-क्योटोकडे असाल तर ओसाकातल्या नांबाहून नानकाई कंपनीच्या गाडीने गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार आणि वर बस. दोन्ही मार्ग खासगी रेल्वेचे असल्यामुळे जेआर पासचा, म्हणजे जपान रेल्वेच्या पर्यटक-पासचा, उपयोग हाकोनेच्या बाबतीत अलीकडच्या ओदावारा स्थानकापर्यंतच होतो, आणि कोयासानच्या गाडीत तर होतच नाही.

स्नानाच्या बाबतीत मात्र तुलनाच संभवत नाही. हाकोनेला पहाटे साडेपाचला उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून समोरच्या झाडीतून धुके वर चढताना पाहिले, त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा तेवढे पैसे मोजेन. शुकुबोतले स्नानगृह सामायिक होते, स्वच्छ होते आणि रात्री ठरावीक वेळी बंद होत होते. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. थंडीचेही तसेच. कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. खोलीत हीटर असला तरी शौचालयापर्यंतच्या लाकडी ओसरीवरून रात्री मोजे घालून चालताना तळपाय बधिर होत, आणि शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याचा खोकला मधल्या सरकत्या दारातून जसाच्या तसा ऐकू येई. ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, त्यांनी दोन्हीकडे आधी चौकशी करावी.

हे सारे हाकोनेच्या बाजूने जाते, हे मला मान्य आहे. माझे पारडे फिरले ते रात्रीच्या जेवणाला.

माझी पत्नी शाकाहारी आहे. मांस नको, मासे नकोत, असे आम्ही र्‍योकानला महिनाभर आधी कळवले होते आणि त्यांचे अत्यंत सौजन्यपूर्ण होकारार्थी उत्तरही आले होते. संध्याकाळी सहाला खोलीत जेवण मांडले गेले तेव्हा तिच्या ताटात माशाचा तुकडा खरोखरच नव्हता. पण सूपच्या वाटीचे झाकण काढताच तिला वास आला, आणि मग शिजवलेला मुळा, पालक, वाटीतले तोफू या प्रत्येकात तोच वास लागत गेला. वाढायला आलेल्या किमोनोतल्या बाईंना विचारले, तेव्हा त्या गुडघ्यांवर बसून निरागसपणे म्हणाल्या, "दाशी देस." ही दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचे पाणी, पण जपानी स्वयंपाकघरात त्याची गणना माशात होत नाही; आपल्याकडे भाजीत काय घातले असे विचारल्यावर फोडणीतले हिंग कोणी सांगते का? त्यात लबाडी काहीच नव्हती. वाट्या परत गेल्या, बाई तीनदा वाकून क्षमा मागून गेल्या आणि वीस मिनिटांनी पांढरा भात, लोणची आणि कापलेले पर्सिमॉन आले. पत्नीने बॅगेतली मेतकुटाची डबी काढली. जपानी चिकट भाताशी मेतकूट फार छान लागते, हे त्या रात्रीचे एक अनपेक्षित फलित. मात्र तिच्यासमोर बसून मी माझे दहा पदार्थ ज्या संकोचाने खाल्ले, तो संकोच मला अजून आठवतो. इतक्या प्रेमळ माणसांना आपण अडचणीत टाकले, ही रुखरुख उपाशी राहण्यापेक्षा त्रासदायक होती.

तीन दिवसांनी कोयासानला काहीही समजावून सांगावे लागले नाही. शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचे जेवण, त्यामुळे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही; चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे चटकन उमगते. दाशी असते ती कोम्बू या समुद्री वनस्पतीची आणि सुकवलेल्या शिताके अळंबीची. एका तरुण भिक्षूने लाखेची लाल बुटकी मेजे आणून मांडली. त्यांवर ज्याला डोंगराचेच नाव मिळाले आहे ते रसभरले कोया-दोफू, म्हणजे गोठवून वाळवलेले तोफू, होते, भाज्यांचा तेंपुरा होता, आणि तीळ वाटून कुद्झू या वेलीच्या मुळांच्या पिठात घोटलेले गोमा-दोफू, वर मोहरीएवढा वासाबी ठेवलेले. ते चमच्याखाली खरवसासारखे थरथरते आणि जिभेवर मात्र तिळाच्या लाडवाची आठवण ठेवून जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला मंदिरात गोमा आहे असे सांगितल्यावर मी तो तिळाच्या तोफूचाच काही विधी समजलो होतो. प्रत्यक्षात हा गोमा म्हणजे आपला होम. ८१६ साली बौद्ध भिक्षू कूकाई यांना सम्राटाने हा डोंगर दिला, त्यांच्या शिंगोन या बौद्ध पंथाने संस्कृत मंत्र आणि सिद्धम लिपी आजवर सांभाळली आहे. समिधा पेटल्या, ढोल वाजू लागला आणि "ओन आबोक्या बेइरोशानो" असे स्वर कानी पडले. त्यातले 'अमोघ वैरोचन' हे संस्कृत शब्द ओळखू आले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. न्याहारीला पुन्हा भात, मिसोचे सूप, उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ, आणि पुन्हा काही विचारायची गरज नाही.

घरात सगळे मासे खाणारे असतील, तर हाकोनेविषयी माझी तक्रार आपल्याला लागूच होत नाही. आपण खुशाल तिकडे जावे. एक जरी शाकाहारी असेल, तर निदान विचार करावा. स्नानाची हौस राहून जाईल असे वाटत असल्यास हाकोने-युमोतोला दिवसापुरते स्नान देणारी ऑनसेन आहेत. सकाळी टोकियोहून निघावे, दोन तास पाण्यात बसावे, बाहेर येऊन काचेच्या बाटलीतले गार दूध उभ्याने प्यावे आणि जेवायच्या आत परतावे. पुढच्या खेपेला आमचे तसेच ठरले आहे. रात्र कोयासानची, आणि या वेळी दोन.