टनेलिंगचा हिशोब: विग्नरवर भागेल की इन्स्टंटन लागेल?

कलिन्याला किंवा पवईला एम.एस्सी.चं प्रोजेक्ट कम्प्युटेशनल केमिस्ट्रीत घेतलं की हा पेच ठरलेला. प्रक्रियेत हायड्रोजन एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारतोय, आणि नुसत्या ट्रान्झिशन स्टेट थिअरीने (म्हणजे अडथळ्याचा माथा, ट्रान्झिशन स्टेट, ओलांडूनच प्रक्रिया होते असं धरून) काढलेला वेग प्रयोगापेक्षा कमी येतोय. हायड्रोजन एवढा हलका, की ऊर्जेचा अडथळा न चढता आरपारही जातो; हेच टनेलिंग.

काढलेल्या वेगाला टनेलिंगसाठी ज्याने गुणायचं, तो विग्नरचा गुणक १९३२ चा आणि जवळजवळ फुकट. ट्रान्झिशन स्टेटची काल्पनिक वारंवारता (माथ्याची वक्रता सांगणारी) तुमच्या आउटपुट फाइलमध्ये असतेच. समजा ती १००० प्रति सेंटिमीटर आहे. ३०० केल्विनला (मुंबईत हे वर्षाचं सरासरी तापमानच म्हणा) गुणक येतो १.९६. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) टाकला, तर वारंवारता ७०७ च्या आसपास उतरते आणि गुणक १.४८. कॅल्क्युलेटरवर होणारं काम.

इन्स्टंटन म्हणजे अडथळ्यातून जायची सर्वांत सोयीची वाट शोधणं, कोपरा कापून जाणारी. ती वाट अनेक बिंदूंत तोडायची आणि प्रत्येक बिंदूवर ऊर्जा, ग्रेडियंट (ऊर्जेचा उतार), शेवटी हेसियनही (ऊर्जेच्या वक्रतेचं कोष्टक) काढायचं. क्लस्टरच्या रांगेत किती दिवस जातील ते आधीच विचारून ठेवा.

पण निवड खर्चावर करू नका, आधी क्रॉसओव्हर तापमान (ज्याच्या खाली टनेलिंग वरचढ ठरतं) काढा: वारंवारतेला १.४४ ने गुणून ६.२८ ने भागा. १००० साठी ते २२९ केल्विन. त्याच्या बऱ्याच वर विग्नर पुरतो. तिथे इन्स्टंटन मिळतच नाही, वाट आकसून ट्रान्झिशन स्टेटवर येऊन बसते. वारंवारता १५०० असेल तर क्रॉसओव्हर ३४३ केल्विन, म्हणजे खोलीच्या तापमानालाच विग्नर डळमळीत. एकार्टचा मार्ग (अडथळ्याला ठरावीक आकाराचं सूत्र बसवणं) मधला आहे, पण तो कोपरा कापत नाही.

फार थंडीत तर प्रश्नच मिटतो, विग्नर चालतच नाही. २०११ मध्ये मिथिलहायड्रॉक्सिकार्बीन ११ केल्विनला गोठवून ठेवलं, तर त्याचं असिटाल्डिहाइड झालं. कमी उंचीचा अडथळा मात्र व्हिनाइल अल्कोहोलकडे होता. उंच पण अरुंद अडथळा जिंकला. विग्नरला अडथळ्याच्या माथ्याची वक्रता तेवढी दिसते, पूर्ण रुंदी नाही.

सोयाबीनच्या लिपॉक्सिजनेज या एन्झाइममध्ये आयसोटोप परिणाम (हायड्रोजनचा वेग ड्युटेरियमच्या किती पट) खोलीच्या तापमानाला ८० च्या घरात जातो. विषय मोहात पाडणारा आहे, पण पहिल्या प्रोजेक्टला एन्झाइम घेऊ नका.