फोंड्यातलं एनसीव्ही सेंटर: चार स्टार, पाचवा जिन्यामुळे गेला

माझा पुतण्या १४ वर्षांचा, पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर हमखास अडखळायचा, पाऊल नीट उचलतच नव्हतं. आधी दुसरीकडे एनसीव्ही (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजायची टेस्ट) केली होती, तिथे पटापट उरकली आणि रिपोर्टमध्ये नुसतं "न्यूरोपथी", म्हणजे नसांचा आजार. म्हणून इथे परत केली.

इथल्या टेक्निशियन ताईंनी पहिल्यांदा हातापायाचं तापमान बघितलं. एसीत पाय गार पडलेले, ते शेकून घेतले आणि मगच सुरुवात केली, कारण गार पायात नसेचा वेग एका डिग्रीमागे सेकंदाला साधारण २ मीटर कमी दिसतो, म्हणजे धडधाकट नस पण रिपोर्टमध्ये आजारी ठरायची. शॉक लागतात, मनगटाला जरा जोरात, पण प्रत्येक वेळी पोराला सांगून दिले.

हाताच्या नसेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर पाहिजे, याचा आला २२, आणि दोन्ही हातांत जवळपास सारखाच. डॉक्टरांनी स्वतः बसवून समजावलं. नसेवर मायलिनचं आवरण असतं, त्यात मधे मधे उघड्या जागा, सिग्नल त्या जागांवरून उड्या मारत जातो, मायलिन बिघडलं की करंट वाटेतच गळतो, मग आपली मधे न थांबणारी पणजी-मडगाव शटल बस प्रत्येक स्टॉपवर थांबायला लागली तर जे होईल तेच. सगळ्या नसा एकसारख्या मंद आणि वेग ३८ च्या खाली म्हणजे बहुतेक जन्मापासूनचं, सीएमटी टाइप १, नसांचा आनुवंशिक आजार. नंतर झालेल्या आजारात सहसा एक नस बरी, एक खराब असं दिसतं.

मग दादाची, म्हणजे पोराच्या वडिलांची केली. वेग २४! आणि तो पन्नाशीत, अजून व्यवस्थित चालतो, फक्त पावलाची कमान उंच आहे. तेव्हा डॉक्टर जे बोलले ते या घरातल्या प्रत्येकाने ऐकायला पाहिजे होतं, की नुसता वेग कमी झाल्याने ताकद जात नाही, खराब मायलिनखालचा तंतू वर्षानुवर्षं झिजत जातो तेव्हा जाते, आणि सगळ्यात लांब तंतू आधी, म्हणून सुरुवात पावलांपासून. त्यामुळे पुढच्या रिपोर्टमध्ये वेगावर अडकू नका, अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे सिग्नल किती मोठा येतो ते बघा. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

रक्ताच्या टेस्टमध्ये मायलिनचं एक प्रथिन बनवणाऱ्या पीएमपी२२ जीनच्या दोनऐवजी तीन प्रती निघाल्या, दोघांच्याही. वहिनी इतकी वर्षं म्हणायची मीच पोराला नीट खायला घातलं नाही, तिला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. यावर औषध नाही, फिजिओ आणि स्प्लिंट आहे, तेही स्पष्ट सांगितलं, उगाच आशा लावली नाही. व्हिन्क्रिस्टीन नावाचं कॅन्सरचं औषध या लोकांना चालत नाही, तेसुद्धा फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

एक स्टार कापला कारण सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि पायऱ्या उंच, इथे येणाऱ्यांचे पायच उचलत नाहीत हो, निदान दुसऱ्या बाजूला पण कठडा लावा. जाताना सैल पँट घाला, त्या दिवशी हातापायाला तेल-क्रीम लावू नका, आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगा.