शार्क बघायला नेत्राणी: कोल्हापुरातून दोन दिवसांची स्कूबा सहल कितपत जमते?

शुक्रवारी रात्री कोल्हापूर सोडायचं, शनिवारी सकाळी कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं मुरुडेश्वर, तिथून बोटीने नेत्राणी बेट, पाण्यात एक-दोन डाइव्ह आणि त्याच रात्री परतीचा रस्ता. या सहलीचा साचा साधारण असा. बेट उत्तम, पाणी चांगलं, वेळापत्रक मात्र धोक्याचं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मिळणाऱ्या स्कूबाशी याची गल्लत करू नका. तिथं पाणी जेमतेम काही मीटर खोल. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून फिरवतो, फोटो काढतो आणि थोड्याच वेळात वर आणतो. पाण्याखाली पहिला श्वास घ्यायला झकास जागा, पण मुशी (लहान शार्क) बघायची तर ती खानावळीतच.

नेत्राणी किनाऱ्यापासून साधारण २० किलोमीटर आत आहे, त्यामुळे गाळ कमी आणि नजर लांब पोहोचते. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही डिसेंबर-जानेवारी सर्वात नितळ. इथं दिसू शकणाऱ्या शार्क मुख्यतः दोन. एक ब्लॅकटिप रीफ शार्क: दीडेक मीटर लांब, पंखांची टोकं काळी, स्वभाव भित्रा. श्वासासाठी हिला सतत पोहत राहावं लागतं, म्हणून ती एका जागी सापडत नाही, खडकाच्या कडेने झर्रकन निघून जाते. दुसरी बांबू शार्क: मीटरभराची, दिवसा कपारीत पडून राहणारी. ही तोंडाने पाणी खेचून कल्ल्यांवरून सोडते, त्यामुळे स्थिर बसू शकते आणि दिसण्याची शक्यताही हिचीच जास्त. व्हेल शार्क कधीमधी येते. तिच्या भरवशावर पैसे भरू नका. ‘शार्क नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नको.

न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा डाइव्हरच असतो. हातपाय झाडत, बुडबुडे सोडत सहा-आठ जणांचा घोळका गेला की ब्लॅकटिप आधीच पसार. म्हणून पहिली बोट आणि लहान गट मागा. नवख्यांसाठी एका इन्स्ट्रक्टरमागे दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर ती सहल सोडा. कपारीत बघायला दिवसासुद्धा टॉर्च लागतो. गाइडकडे आहे का, हे बोटीवर चढण्यापूर्वीच विचारा.

वेळ किती मिळतो याचा हिशेब सोपा आहे. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर साधारण ११ लिटरचं, २०० बारला (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण २०० पट) भरलेलं, म्हणजे २,२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव ठेवायचे, उरली साधारण १,६५० लिटर. नवखा माणूस घाबरून मिनिटाला २५ लिटर ओढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ५० लिटर. झाली ३३ मिनिटं. श्वास संथ ठेवला तर हाच वेळ पाऊण तासाकडे जातो. प्रमाणपत्र नसलेल्यांना १२ मीटरपर्यंतच नेतात. ओपन वॉटर हा पहिला प्रमाणपत्र कोर्स केलेल्यांना १८ मीटर. शार्कसाठी जायचं तर आधी हा कोर्स करून जाणं शहाणपणाचं, कारण इन्स्ट्रक्टरने धरून फिरवलं की कपारीपाशी थांबायचं की नाही हे तुमच्या हातात राहत नाही.

गडबड होते ती कानांची. खाली जाताना प्रत्येक मीटरला नाक दाबून हळू फुंकायचं, दुखायला लागण्याआधीच. दुखत असताना जोर लावला तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, पैसे गेले तरी. मिशी मास्कमधून पाणी आत घेते, तिथं थोडं व्हॅसलीन लावावं. काच धुकटते ती नवीन मास्कवर कारखान्यातला थर राहिल्यामुळे. आदल्या दिवशी टूथपेस्टने घासून धुवा. बोट तासाहून अधिक वेळ हलत जाते, तेव्हा आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपायचा मोह टाळा. उलटीची गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, आणि कोणती घेतली ते इन्स्ट्रक्टरला सांगा, कारण काही गोळ्यांनी झोप येते. दमा, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नका.

आता वेळापत्रक. डाइव्ह करताना रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचीवर गेलात तर हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, प्रकरण लकव्यापर्यंतही जाऊ शकतं. म्हणून ६०० मीटरपेक्षा उंच जायचं तर एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्यास १८ तास थांबायचा संकेत आहे. लोक तो विमानापुरताच समजतात. पण बेळगाव ७५० मीटरच्या आसपास आहे आणि आंबोलीसुद्धा ६०० च्या वरच. कोणत्याही वाटेने या, घाट चढावाच लागतो. दुपारी दोन डाइव्ह करून रात्री अंकोल्याहून हुबळीकडे निघणारी सहल हा नियम सरळ मोडते.

त्यामुळे शनिवारची रात्र मुरुडेश्वरलाच काढणारी सहल घ्या. दुपारी एकला शेवटच्या डाइव्हमधून वर आलात तर रविवारी सकाळी सातपर्यंत गाडी घाटाखालीच राहिली पाहिजे. आयोजक ‘काही होत नाही’ म्हणाला तर शनिवारची मुक्कामाची खोली स्वतः बुक करा आणि परतीची सोय वेगळी ठेवा.