कीपॅड लॉकचे उरलेले पैसे देण्याआधी पांढऱ्या डब्याचं झाकण उघडायला लावा

आमची सोसायटी डोंबिवलीत, 24 फ्लॅटची. रात्रपाळीचा वॉचमन सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी टिकेना, म्हणून मागच्या मे महिन्यात कमिटीनं खालच्या मुख्य दाराला कीपॅड लॉक बसवायचं ठरवलं. सेक्रेटरी मीच. ज्याला काम दिलं तो पहिल्या दिवसापासून "ताई, ताई" करत होता. "मागच्या गल्लीतल्या चार बिल्डिंगा माझ्याच आहेत," म्हणाला. त्या चारपैकी एकीतही जाऊन मी विचारलं नाही, याची चुटपूट अजून जात नाही.

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. कीपॅड, 600 पौंडांच्या ताकदीनं दार धरून ठेवणारं मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाचं लॉक, आतून दार उघडायचं बटण, 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय बॅटरीसकट, एकूण 34,500 रुपये. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 6,210. "बिल नको असेल तर तेवढे वाचतील, ताई." कमिटीनं मान डोलावली, मीही डोलावली. 20,000 आगाऊ दिले आणि उरलेले 14,500 लॉक बसवलं त्याच संध्याकाळी. कोड टाकला की दार उघडतंय, एवढंच बघितलं. सगळा व्यवहार रोखीत.

महिन्याभरात एक भाडेकरू बदलले, म्हणून कोड बदलायचा होता. मास्टर कोड, म्हणजे बाकीचे कोड बदलायचा मुख्य कोड मागितला तर म्हणाला, "तो आमच्याकडेच असतो, सिक्युरिटीसाठी." आणि कोड बदलायला येण्याचे 800 रुपये. असा तो चारदा आला, 3,200 घेऊन गेला. मास्टर कोड हा घेणाऱ्याचा असतो आणि तो कसा बदलायचा हे कीपॅडसोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते माहितीपत्रक त्यानं आम्हाला दिलंच नव्हतं.

जुलैत एका रात्री जोराच्या पावसात लाइट गेली. पहाटे दूधवाल्यानं बेल वाजवून सांगितलं, खालचं दार सताड उघडं आहे. तळमजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "अगं, म्हणजे रात्रभर उघडं होतं?" मला उत्तर देता येईना.

आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं समजावलं की मॅग्नेटिक लॉक वीज असेल तोवरच दार धरून ठेवतं. वीज गेली की सुटतं, आणि ते तसंच असायला हवं, नाहीतर आग लागली तर माणसं आत अडकतील. म्हणूनच बॅटरी लागते. 7 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) चांगली बॅटरी असली तर रात्र सहज निघते. मग स्टुलावर चढून त्यानं मीटरजवळच्या पॉवर सप्लायच्या पांढऱ्या डब्याचं झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. बॅटरीला जोडायच्या लाल आणि काळ्या वायरींची टोकं चिकटपट्टीनं नीट गुंडाळून मागे सारलेली. विसरलेल्या माणसाच्या हातून असं होत नाही. त्याला ठाऊक होतं.

पुढचं बघून तर माझ्या पोटात गोळाच आला. बाहेरचा कीपॅड खालच्या एकाच स्क्रूवर होता. इलेक्ट्रिशियननं तो काढला, आतल्या बटणाकडून आलेल्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या आणि टक् करून दार सुटलं. मिनिटही लागलं नाही. लॉक उघडायचं की नाही हे ठरवणारा भाग बाहेरच्या डबीतच असला, तर ती डबी काढणाऱ्याच्या हाती दार जातं. हा भाग वेगळा करून दाराच्या आत बसवायचा असतो आणि बाहेर नुसते आकडे दाबायची पाटी ठेवायची असते. लॉकही 600 पौंडांचं, म्हणजे 280 किलोच्या मापाचं नव्हतं, 180 किलोचं निघालं. आणि मास्टर कोड कंपनीतून आला तसाच होता, त्या मॉडेलची माहिती वाचणाऱ्या कुणालाही कळेल असा.

लॉक बसवणाऱ्याला फोन केला. "बॅटरी ऑप्शनल असते, मॅडम." ताईची मॅडम झाले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं, म्हणून तेही कागद तयार करतेय. पण हातात बिल नाही, पावती नाही. आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन आणि रिकाम्या डब्याचा फोटो. 6,210 वाचवायला गेलो आणि पुरावाच गमावला. तुमच्या सोसायटीत कुणी "बिलाशिवाय करू" म्हणालं, तर कमिटीला हे जरूर वाचून दाखवा.

आता काम दुसऱ्याकडून नव्यानं करून घेतलं, पक्क्या बिलावर. मास्टर कोड आम्ही त्याच्यासमोर स्वतः बदलला आणि बंद पाकिटात घालून अध्यक्षांकडे ठेवला. शेवटचे 9,000 द्यायच्या आधी मी मेन स्विच बंद करायला लावला आणि दार तासभर धरून राहतंय का ते बघत जिन्यात उभी राहिले. तो माणूस जराही रागावला नाही. स्वतःच आतून खुर्ची आणून दिली आणि माझ्याबरोबर थांबला.