जैतापूरची ईपीआर की स्वदेशी ७०० मेगावॉट?

नवा अणुप्रकल्प म्हटला की हाच पेच पडतो: जैतापूरसाठी प्रस्तावित असलेली मोठी फ्रेंच अणुभट्टी (ईपीआर) घ्यावी, की जड पाण्यावर चालणारी आपली ७०० मेगावॉटची? जाहिरातीतले आकडे सोडा, बांधून झालेल्या अणुभट्ट्या पाहा.

वेळ आणि खर्च: फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलच्या ईपीआरचं काम २००७ मध्ये सुरू झालं, वीज ग्रिडमध्ये आली डिसेंबर २०२४ मध्ये. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांवर गेला. वेल्डिंगचे दोष आणि प्रेशर व्हेसलच्या (इंधनाचा गाभा ज्यात असतो त्या जाड पात्राच्या) पोलादातलं जास्तीचं कार्बन ही त्यातली मोठी दुखणी. गुजरातमधल्या काक्रापार-३ या ७०० मेगावॉटच्या स्वदेशी भट्टीलाही व्यावसायिक वीजनिर्मितीपर्यंत २०१० ते २०२३ लागलेच, त्यामुळे 'स्वदेशी म्हणजे झटपट' हा भ्रम नको.

इंधन: आपल्या भट्टीला नैसर्गिक युरेनियम चालतं आणि ते भट्टी चालू असतानाच बदलता येतं. ईपीआरला समृद्ध युरेनियम (ज्यात युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं असतं) लागतं, इंधन भरायला भट्टी बंद ठेवावी लागते.

देखभाल: इथे ईपीआर सरस. तिचं आयुष्य ६० वर्षं धरलेलं आहे. आपल्या भट्टीत जड पाणी (ड्युटेरियम या जड हायड्रोजनचं पाणी) महाग, त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन साठतो आणि इंधन ज्यात असतं त्या प्रेशर ट्यूब काही दशकांनी बदलाव्या लागतात.

एकाच किनाऱ्यावर हजारो मेगावॉट हवे असतील आणि कर्ज पेलण्याची ताकद असेल, तर ईपीआर. टप्प्याटप्प्याने, देशी पुरवठादारांवर उभारायचं असेल तर ७०० मेगावॉट; माझं मत हिच्याच बाजूने.