दुकानाला आणि घराला एकच लॅपटॉप : रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०

बजेट कमी असलं की बरेच जण सरळ नवा सेलेरॉनवाला (इंटेलचा स्वस्तातला, कमी ताकदीचा प्रोसेसर) लॅपटॉप उचलतात, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुकानाच्या कामाला कृपा करून तो घेऊ नका. विंडोज आणि त्याचे अपडेट्स यातच अर्धी जागा जाते आणि रॅम बऱ्याचदा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, मग वाढवायचा विषयच संपला.

आम्ही जवळपास त्याच पैशात लेनोवोचा रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) थिंकपॅड टी४८० घेतला, पुण्यात तपकीर गल्लीतून. मॉडेल २०१८ चं, कंपन्यांनी वापरून काढलेलं, पण आत इंटेलचा आठव्या जनरेशनचा (पिढीचा) आय५ प्रोसेसर आहे आणि खरी मेख तिथेच आहे, कारण विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचाच प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनचं मशीन कोणी कितीही स्वस्तात गळ्यात मारत असेल तरी सोडून द्या.

रॅमचे दोन स्लॉट आहेत, आम्ही १६ जीबी करून घेतली. टॅली, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब, प्रिंटर सगळं एकदम चालू असतं तरी अडकत नाही. कीबोर्ड तर अप्रतिम, दिवसभर एंट्र्या मारल्या तरी बोटं दुखत नाहीत, फक्त बाजूला नंबर पॅड नाही म्हणून यूएसबीवाला वेगळा घेतला. लॅन पोर्ट आहे, एचडीएमआय आहे. बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक मागून काढता येणारी, आतली चार्ज असेल तर मागची चालू मशीनवर बदलता येते, लाइट गेली तरी बिलिंग थांबत नाही हे मला फार आवडलं.

संध्याकाळी तोच घरी मुलीच्या अभ्यासाला. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम्स करायचे असतील तर मात्र हा तुमच्यासाठी नाही.

घेताना स्क्रीन फुल एचडी आहे का बघाच, काही पीस १३६६ बाय ७६८ वाले असतात. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ कपॅसिटी किती आणि आता किती उरलीय ते त्यात कळतं. बायॉसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जना) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना तेही तपासा, आणि बिल तुमच्या जीएसटी नंबरवरच घ्या, त्यावर मशीनखालचा सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.