पोटातला पू आणि 'हायर अँटिबायोटिक': कोणतं घ्यायचं?

अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेल्या रुग्णाचे नातेवाईक आयसीयूबाहेर हमखास म्हणतात, "डॉक्टर, सगळ्यात हायर असेल ते द्या." त्यांची तळमळ मला कळते. पण औषध हायर आहे की नाही यापेक्षा ते या जंतूला लागू पडतं का, ते बघा. कल्चर रिपोर्टची, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याच्यावर कोणती औषधं चालतात ते सांगणाऱ्या अहवालाची, प्रत मागून घ्या. औषधाच्या नावासमोर 'एस' असेल तर ते लागू पडण्याची आशा आहे. 'आर' असेल तर जंतू त्याला दाद देणार नाही.

सुरुवातीला पिपटाझ (पिपरासिलिन-टाझोबॅक्टम) चांगलं. पोटातले बहुतेक जंतू, अगदी प्राणवायूशिवाय वाढणारेसुद्धा, ते एकटं सांभाळतं. पण रिपोर्टवर 'ईएसबीएल', म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी अँटिबायोटिक्स फोडणारं जंतूचं विकर (एन्झाइम), आलं आणि रुग्ण गंभीर असेल, तर पिपटाझसमोर 'एस' असूनही मी मेरोपेनेमकडे वळेन. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे जंतू रक्तात गेलेल्या रुग्णांवर मेरिनो नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. महिन्याभरात पिपटाझवरचे १२.३ टक्के रुग्ण दगावले, मेरोपेनेमवरचे ३.७ टक्के.

खरी कोंडी मेरोपेनेमसमोरही 'आर' आला की होते. कोलिस्टिन स्वस्त, पण मूत्रपिंडाला इजा करतं. क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) सतत नजर ठेवावी लागते. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम बरंच महाग, आणि सोबत मेट्रोनिडाझोलही लागतं. पैसे उभे करण्याआधी एक विचारा: जंतूत एनडीएम आहे का? दिल्लीचं नाव मिळालेलं, मेरोपेनेमही फोडणारं हे विकर आपल्याकडे भरपूर आढळतं, आणि त्याच्यापुढे हे महाग औषध एकटं निकामी ठरतं. अझ्ट्रिओनामची जोड दिली तर चालतं, कारण एनडीएमला अझ्ट्रिओनाम फोडता येत नाही आणि ते फोडणाऱ्या बाकीच्या बहुतेक विकरांना अ‍ॅविबॅक्टम रोखतं. मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर मी याच जोडीसाठी आग्रह धरेन.

यातलं कुठलंही औषध साचलेल्या पुवात नीट काम करत नाही. पू नळीने किंवा ऑपरेशनने काढावाच लागतो. २०१५ च्या स्टॉप-इट चाचणीत पू नीट काढल्यावर चार दिवसांचा आणि साधारण आठ दिवसांचा कोर्स सारखेच ठरले. म्हणून रोज राउंडच्या वेळी ड्रेनची पिशवी बघा: पू कालपेक्षा कमी आहे का, पातळ झालाय का? ताप उतरत नसेल तर इंजेक्शन बदलायच्या आधी विचारा, "पोटात अजून पू राहिलाय का? सीटी पुन्हा करायचा का?"